पाच व्होल्टांची वाटचाल : सूक्ष्मनियंत्रक बोर्डाचा वीजपुरवठा व हाताळणी, नांदेड-लातूरच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

प्रयोगशाळेतील उपकरणांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा शोधकांकडे आणि त्यांच्या शोधांच्या तारखांकडे जाते. उपकरणाला वीज कशी पुरवावयाची, ते हाती कसे धरावयाचे, कोणत्या चुकीने ते निकामी होते आणि ती चूक टाळण्याची जबाबदारी कोणावर असते, हे प्रश्न मात्र प्रयोगवहीच्या पहिल्या पानावरील सूचनांपुरते उरतात. वस्तुतः उपकरण विद्यार्थ्याच्या हाती पडते की कपाटात राहते, याचा निर्णय पुष्कळदा याच प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून असतो. सूक्ष्मनियंत्रक बोर्डाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. प्रोसेसर, स्मृती आणि बाह्य जगाशी जोडणाऱ्या पिना एकाच आयसीत सामावलेल्या असणे, हे सूक्ष्मनियंत्रकाचे लक्षण होय. त्या आयसीला वीजपुरवठा, स्फटिक आणि जोडणीची छिद्रे देऊन प्रयोगासाठी जी पट्टी तयार होते, तिला बोलीभाषेत ‘बोर्ड’ वा ‘किट’ म्हणतात.

या बोर्डाच्या वीजपुरवठ्याचा इतिहास म्हणजे एका जबाबदारीच्या स्थलांतराचा इतिहास आहे. आरंभी बोर्डाचे रक्षण करण्याचे काम प्रयोगशाळेतील पुरवठायंत्राकडे आणि ते चालविणाऱ्या जाणकाराकडे होते. पुढे त्यातील मोठा भाग खुद्द बोर्डावर आला. आणि जो उरला तो वापरणाऱ्याच्या हाताकडे गेला. हे स्थलांतर जगभर झाले. परंतु ज्या प्रदेशात वीज अनिश्चित आणि सुट्या भागांची बाजारपेठ दूर, तेथे त्याचे परिणाम अधिक दूरगामी ठरले. नांदेड व लातूर हे जिल्हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ साली औरंगाबाद येथे झाली. नांदेडच्या विष्णुपुरी भागात श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली उभे राहिले. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला. आणि १९८३ नंतर राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर या भागातील तंत्रशिक्षणाचा विस्तार झाला. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर येथे त्याचे उपकेंद्र आले. म्हणजे या दोन्ही शहरांतील इलेक्ट्रॉनिकीचे उच्च शिक्षण मुख्यतः सूक्ष्मप्रोसेसरच्या युगातच वाढले.

२. पाच व्होल्टांचा उगम

आज बहुसंख्य शैक्षणिक बोर्डांवर ‘५ व्होल्ट’ ही अक्षरे दिसतात, म्हणून हा दाब निसर्गनियमासारखा वाटतो. तसा तो नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी निरनिराळ्या तर्कमंडलांना निरनिराळे दाब लागत. रोधक व ट्रान्झिस्टर यांनी बनलेल्या पहिल्या आयसींना सुमारे ३.६ व्होल्ट पुरत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९६४ साली ५४०० ही मालिका आणि १९६६ साली तिचीच प्लॅस्टिक वेष्टनातील स्वस्त आवृत्ती ७४०० बाजारात आणली, तेव्हा तिचा पुरवठा ५ व्होल्ट ठरला होता. दाब याहून कमी ठेवावा तर ‘शून्य’ व ‘एक’ या संकेतांमधील अंतर घटून गोंगाटाचा उपद्रव वाढे. अधिक ठेवावा तर आयसी तापे. या दोहोंमधील तडजोड म्हणून ५ व्होल्ट हा दाब रूढ झाला, आणि ७४०० मालिका सर्वत्र पसरल्यामुळे त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक आयसीला त्याच्याशी जमवून घ्यावे लागले.

या मालिकेची अट कडक होती. पुरवठा ४.७५ ते ५.२५ व्होल्टांच्या दरम्यान हवा. ७ व्होल्टांच्या पलीकडे गेल्यास आयसीची हमी संपली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रेडिओच्या दुरुस्तीत दाब थोडा कमीअधिक झाला तर आवाज मंद होई किंवा खरखर वाढे. म्हणजे चुकीची पूर्वसूचना कानाला मिळे. तर्कमंडलात अशी पूर्वसूचना नाही. ते एक तर बरोबर चालते, किंवा चुकीचे उत्तर देते, किंवा कायमचे बंद पडते.

पहिल्या सूक्ष्मप्रोसेसरांनी ही अडचण आणखी वाढविली. इंटेलच्या १९७४ सालच्या ८०८० ला +५, +१२ आणि −५ असे तीन दाब लागत. त्याच काळातील ४११६ या स्मृति-आयसीच्या बाबतीत तर −५ व्होल्ट सर्वांत आधी चालू व्हावेत आणि सर्वांत शेवटी बंद व्हावेत, असा क्रमही पाळावा लागे. क्रम चुकल्यास आयसी जळण्याचा धोका असे. अशा उपकरणाजवळ नवशिक्याला एकटे सोडणे शक्यच नव्हते. १९७६ साली आलेल्या ८०८५ ने हे तीन दाब एकावर आणले. त्याच्या नावातील अखेरचा ‘५’ हा या एकट्या ५ व्होल्टांच्या पुरवठ्याचाच निर्देश मानला जातो. झायलॉग कंपनीचा त्याच वर्षीचा झेड-८० हाही एकाच दाबावर चालणारा होता. १९८० साली आलेल्या ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकाने हाच मार्ग पुढे चालविला. भारतातील विज्ञान व अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत ८०८५ व ८०५१ यांनी जी दीर्घ वस्ती केली, तिची कारणे अनेक आहेत. परंतु एका साध्या पुरवठ्यावर चालणारे किट महाविद्यालयाला सांभाळता येते, हे त्यांपैकी दुर्लक्षिले गेलेले कारण होय.

३. किटचा काळ आणि रोहित्राचे गणित

८०८५ च्या किटबरोबर एक लोखंडी पेटी येई. तिच्यात रोहित्र, चार डायोडांचा पूल, एक मोठे धारित्र आणि ७८०५ हा तीन पायांचा दाबनियामक असे. १९७० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या या ७८०५ ने प्रयोगशाळेचे मोठेच काम हलके केले. परंतु त्याची एक अट आहे : ५ व्होल्ट बाहेर देण्यासाठी त्याला आत किमान सुमारे ७ व्होल्ट हवे असतात. ही अट आणि मराठवाड्यातील वीज यांचा संबंध थोड्या गणिताने स्पष्ट होतो.

समजा, रोहित्र २३० व्होल्टांवर ९ व्होल्ट देते, किट अर्धा अँपिअर प्रवाह घेते आणि धारित्र २२०० मायक्रोफॅरडचे आहे. ९ व्होल्टांचे शिखरमूल्य १२.७ व्होल्ट, पुलातील दोन डायोडांत सुमारे १.८ व्होल्ट जातात, उरले १०.९. दर सेकंदाला १०० वेळा भरणाऱ्या धारित्रावरील दाब दोन भरण्यांच्या दरम्यान सुमारे २.३ व्होल्टांनी खाली येतो. म्हणजे नियामकाला मिळणारा नीचतम दाब ८.६ व्होल्ट. हे ठीक आहे. आता भिंतीवरील दाब २०० व्होल्टांवर उतरला तर हाच नीचतम दाब ७ व्होल्टांवर, अगदी काठावर येतो. १८० व्होल्टांवर तो ५.९ होतो आणि नियामक आपले काम सोडतो. प्रत्येक सेकंदात १०० वेळा ५ व्होल्टांत खळगा पडतो. प्रोसेसर मध्येच पुन्हा आरंभापासून चालू लागतो, आणि विद्यार्थी आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधत बसतो. चूक प्रोग्रॅममध्ये नसते, ती खांबावरून आलेली असते.

१९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी कमी दाबाच्या जोडणीत जाहीर दाबापासून ६ टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, असे बंधन घातले होते. २३० व्होल्ट धरल्यास ही मर्यादा साधारण २१६ ते २४४ व्होल्टांची होते. परंतु ज्या वाहिनीवर शेतीपंपांचा भार एकदम येतो, तिच्या टोकाला या मर्यादेखाली दाब जाणे ही ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नाही. घरोघरी व दुकानोदुकानी दिसणारा ‘स्टॅबिलायझर’ हा याचाच पुरावा होय. किटला स्टॅबिलायझर, स्टॅबिलायझरला स्वतंत्र जोडणी आणि या सर्वांवर देखरेख करणारा प्रयोगशाळा-सहायक, अशी साखळी उभी राहिली की किटची जागा ठरून जाते. ते टेबलावरून हलत नाही आणि प्रात्यक्षिकाची वेळ संपली की विद्यार्थ्याच्या हातून सुटते.

प्रोग्रॅम बदलण्याची रीतही याला पोषकच होती. ८०५१ च्या ८७५१ या भावंडातील प्रोग्रॅम पुसण्यासाठी आयसीच्या काचेरी खिडकीवर अतिनील प्रकाश वीस मिनिटांच्या आसपास पाडावा लागे आणि नवा प्रोग्रॅम लिहिताना २१ व्होल्टांचा वेगळा दाब द्यावा लागे. आयसी प्रत्येक खेपेस सॉकेटमधून काढणे-घालणे आले. त्यात पिन वाकणे आले. १९९३ साली अ‍ॅटमेल कंपनीने विजेनेच पुसता येणाऱ्या फ्लॅश स्मृतीचा एटी८९सी५१ आणला आणि काही वर्षांतच नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान यांच्या रचनेतून एव्हीआर ही मालिका निघाली, तेव्हा आयसी मंडलातून न काढताच प्रोग्रॅम बदलण्याची सोय झाली. हाताळणीतील एक मोठा अपघात त्यामुळे टळला.

सुट्या भागांचे अंतर हा या काळाचा दुसरा घटक. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर, हैदराबादच्या कोटी भागातील गुजराती गल्ली ही इलेक्ट्रॉनिक भागांची ठिकाणे. नांदेडहून हैदराबाद रेल्वेने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. लातूरहून पुणे सव्वातीनशेच्या आसपास. जळालेल्या आयसीची किंमत थोडी असली तरी ती आणण्याचा खर्च व काळ मोठा. तेव्हा किट जळू नये म्हणून ते जपून ठेवणे, आणि जपण्यासाठी कुलूप लावणे, ही वृत्ती केवळ कोत्या मनाची म्हणून निकालात काढता येणार नाही. तिला त्या परिस्थितीचे गणित होते.

४. २००५ : दोन घटनांचा योग

२००५ साली दोन परस्परांशी संबंध नसलेल्या घटना घडल्या. जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची विभागणी होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास राज्यातील विजेचा तुटवडा तीव्र होऊन पुढील काही वर्षे भारनियमन हा मराठवाड्याच्या दिनक्रमाचा भाग बनला. इकडे इटलीतील इव्रेआ येथील संवादरचनेच्या संस्थेत मास्सिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएल्स, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो व डेव्हिड मेलिस यांनी कलाविद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो हा स्वस्त बोर्ड सिद्ध केला. त्याच्या मुळाशी एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याचा त्याच संस्थेतील ‘वायरिंग’ हा प्रबंधप्रकल्प होता. एव्हीआर मालिकेचा सूक्ष्मनियंत्रक या बोर्डाच्या केंद्रस्थानी होता.

आर्डुइनोचे वैशिष्ट्य म्हणून त्याच्या सोप्या प्रोग्रॅमभाषेचा गौरव होतो. वीजपुरवठ्याच्या दृष्टीने पाहता त्याचे खरे वैशिष्ट्य हे की, वीज व प्रोग्रॅम ही दोन्ही एकाच वायरीतून आली. ही वायर यूएसबीची. १९९६ साली जाहीर झालेल्या या मानकाच्या रचनेत, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. यूएसबीने ५ व्होल्ट हा दाब उचलला तो ७४०० मालिकेपासून चालत आलेल्या परंपरेतूनच. संगणकाची परवानगी मिळेपर्यंत १०० मिलिअँपिअर आणि मिळाल्यावर ५०० मिलिअँपिअर, अशी त्याची पुरवठ्याची मर्यादा होती.

भारनियमनाच्या प्रदेशात याचा अर्थ फार मोठा होता. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो. त्याच्या यूएसबीवर जोडलेला बोर्डही मग बॅटरीवर चालतो. मोबाइलच्या चार्जरवर ‘१००-२४०’ असे आकडे छापलेले असतात. म्हणजे भिंतीवरील दाब १०० व्होल्टांपर्यंत उतरला तरी तो ५ व्होल्ट देत राहतो. ज्या रोहित्राच्या पेटीला २०० व्होल्टांवरच धाप लागे, तिची जागा खिशात मावणाऱ्या चार्जरने घेतली. स्टॅबिलायझर, पेटी व सहायक यांची साखळी तुटली, आणि बोर्ड टेबलापासून मोकळा झाला. वसतिगृहाची खोली किंवा घरचा ओटा हीही त्याची प्रयोगशाळा होऊ शकली.

बोर्डावरील संरक्षणाची वाढही टप्प्याटप्प्याने झालेली आहे. पहिल्या आर्डुइनो बोर्डांवर वीज यूएसबीतून घ्यावयाची की बाहेरच्या अडॅप्टरमधून, हे एक छोटी टोपी सरकवून ठरवावे लागे. ती विसरली की बोर्ड बंद पडला असे वाटे. २००७ च्या ‘दिएचिमिला’ या बोर्डावर संगणकाचे यूएसबी वाचविणारी, तापली की प्रवाह तोडणारी व निवली की पुन्हा जोडणारी वितळतार आली. २००९ चे वर्ष नावातच धारण करणाऱ्या ‘दुएमिलानोवे’वर पुरवठ्याची निवड आपोआप होऊ लागली. २०१० साली आलेल्या ‘ऊनो’वर ही सर्व योजना स्थिरावली : बाहेरचा दाब सुमारे ६.६ व्होल्टांहून अधिक असेल तर बोर्ड यूएसबीची वीज स्वतःहून तोडतो. पूर्वी प्रयोगशाळा-सहायक ज्या चुकांकडे लक्ष ठेवी, त्यांपैकी काहींकडे आता दोन-तीन रुपयांचे भाग लक्ष ठेवू लागले.

५. हाताकडे उरलेली जबाबदारी

यावरून बोर्ड सुरक्षित झाला असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. संरक्षण दारावर आहे, घरात नाही. गोल सॉकेटमधून उलट्या ध्रुवांची वीज आली तर डायोड ती अडवितो. परंतु तीच वीज ‘व्ही-इन’ पिनेवर उलटी जोडली तर वाटेत डायोड नाही, आणि ‘५ व्होल्ट’ पिनेवर बाहेरून वीज दिली तर नियामक व वितळतार दोन्ही वगळली जातात. जुन्या किटचा वीजपुरवठा ज्याने हाताळला आहे त्याला ५ व्होल्टांचे टोक ही वीज देण्याची जागा वाटते. नव्या बोर्डावर ती प्रामुख्याने वीज घेण्याची जागा आहे. सवयीचा हा फरक अनेक बोर्डांच्या नाशाला कारणीभूत होणारा आहे.

बाहेरच्या अडॅप्टरसाठी ७ ते १२ व्होल्टांची शिफारस असते. यातील वरची मर्यादा उष्णतेची आहे. १२ व्होल्ट देऊन २०० मिलिअँपिअर घेतले तर उरलेल्या ७ व्होल्टांपोटी नियामकात १.४ वॉट उष्णता होते; बोटाला चटका बसण्यास तेवढी पुरेशी आहे. नांदेड-लातूरकडच्या मे महिन्यात, जेथे पारा चाळीस अंशांवर असतो, तेथे नियामकाला थंड होण्यास वावही कमी मिळतो. शक्य तेथे ७ ते ९ व्होल्टच द्यावेत, हा नियम या हवामानात अधिक अगत्याचा ठरतो. रेडिओच्या दुकानात मिळणारी ९ व्होल्टांची चौकोनी बॅटरी सोयीची वाटते, परंतु तिच्यातील चार व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के ऊर्जा, नियामकात उष्णता होऊन जाते आणि मोटर चालविण्याइतका प्रवाह ती देऊ शकत नाही. पॉवर बँकेची अडचण याच्या उलट आहे : केवळ ५० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेणारा बोर्ड तिला ‘जोडलेलाच नाही’ असे वाटून ती पुष्कळदा आपोआप बंद होते.

पिनांची मर्यादा हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. ऊनोवरील एटीमेगा-३२८ च्या एका पिनेतून २० मिलिअँपिअर घ्यावेत, ४० ही निर्वाणीची सीमा समजावी, आणि संपूर्ण आयसीतून २०० च्या वर जाऊ नये, असे निर्मात्याचे आकडे आहेत. तांबड्या एलईडीला २२० ओहमचा रोधक जोडला तर सुमारे १४ मिलिअँपिअर जातात, हे योग्य. रोधक वगळला तर पिनेवर अतिरिक्त भार येतो. ५ व्होल्टांच्या साध्या रिलेची वेटोळी मात्र सुमारे ७० ओहमची असते. तिला ७० मिलिअँपिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो. ती थेट पिनेला जोडणे म्हणजे पिनेचा नाश ओढवून घेणे होय. मध्ये ट्रान्झिस्टर हवा, आणि वेटोळीवर उलटा डायोड हवा. कारण प्रवाह तुटताना वेटोळीत उलट्या दिशेचा मोठा दाब उत्पन्न होतो.

नांदेड-लातूर भागात हा रिलेचा मुद्दा पुस्तकी नाही. शेतीपंपाला वीज केव्हा येईल ते निश्चित नसल्याने वीज येताच पंप चालू करणारे स्वयंचलित स्टार्टर येथे परिचित आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. पंप, टाकीतील पातळी आणि जमिनीतील ओल हे विषय अशा प्रदेशातील विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी सुचणे स्वाभाविक आहे. आणि नेमके येथेच बोर्ड सर्वाधिक धोक्यात असतो. कारण त्याच्या ५ व्होल्टांच्या शेजारी पंपाचा तीन-फेजचा संपर्कक उघडझाप करीत असतो. बोर्ड व पंप यांचा पुरवठा वेगळा ठेवणे, दोहोंमध्ये प्रकाशाद्वारे जोडणारा विलगक वापरणे आणि भिंतीकडची बाजू जाणत्याशिवाय न उघडणे, हे येथे केवळ बोर्डाच्या नव्हे तर जिवाच्याही रक्षणाचे नियम आहेत.

पाच व्होल्टांचे राज्यही आता अखंड राहिलेले नाही. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचा २०१४ मध्ये प्रसिद्धीस आलेला ईएसपी-८२६६ हा वायफाय असलेला आयसी ३.३ व्होल्टांवर चालतो. त्याच्या पिनेला ऊनोची ५ व्होल्टांची पिन सरळ जोडू नये. १ व २ किलोओहमच्या रोधकांनी दाबाचे दोन-तृतीयांश केले तर ३.३३ व्होल्ट मिळतात. शिवाय संदेश पाठवितेवेळी तो शेकडो मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह ओढतो, तर ऊनोच्या ३.३ व्होल्ट पिनेची शिफारस ५० ची आहे. २०२३ साली आलेल्या ऊनोच्या चौथ्या आवृत्तीचे रूप, नाव व पिनांची मांडणी जुनीच आहे, परंतु तिच्या एका पिनेची मर्यादा ८ मिलिअँपिअर आहे. जुन्या प्रयोगवहीतील १४ मिलिअँपिअरचा एलईडी तिच्यावर नियमबाह्य ठरतो. सारख्या चेहऱ्यामागे मर्यादा बदलते, म्हणून पाठांतरापेक्षा त्या त्या बोर्डाचे माहितीपत्रक पाहण्याची सवय अधिक मोलाची.

६. भूमी आणि कोरडी हवा

हाताळणीच्या प्रश्नाला प्रदेशाची भूमी व हवा यांचाही स्पर्श आहे. आरसीए कंपनीने १९६८ च्या सुमारास सीमॉस आयसींची ४००० मालिका आणली, तेव्हापासून स्थितिक विद्युत् हा हाताळणीतील शत्रू मानला गेला. मनुष्यदेहाचे प्रतिरूप म्हणून १०० पिकोफॅरडचे धारित्र व १५०० ओहमचा रोध धरतात. २००० व्होल्टांवर अशा देहात साठलेली ऊर्जा अवघी ०.२ मिलिज्यूल असते. बोटाला झटका जाणवण्यास सुमारे ३००० व्होल्ट लागतात. म्हणजे ज्या स्पर्शाने आयसीला इजा होऊ शकते तो माणसाला कळतही नाही. आजच्या पिनांना आतून संरक्षक डायोड असतात, म्हणून बोर्ड सहसा वाचतो. परंतु मार्च ते मे या काळातील मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, टेरिलिनच्या कपड्यांवर व प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काम करताना हा धोका पावसाळ्यापेक्षा अधिक असतो. बोर्ड कडांनी धरावा, हात लावण्यापूर्वी भूसंपर्कित धातूला स्पर्श करावा, जोडणी बदलताना वीज काढावी, हे साधे नियम त्यावर पुरेसे आहेत.

परंतु भूसंपर्कित धातू खरोखर भूसंपर्कित आहे काय? लातूर जिल्हा काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे, आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात ग्रॅनाइटचा खडक वर येतो. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरून वरून पाणी सोडण्याची जी रीत आहे, ती मातीत ओल टिकविण्यासाठीच होय. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, ओल खोल जाते आणि पाणी न मिळालेला खड्डा नावापुरता उरतो. अशा वेळी धातूच्या आवरणाच्या लॅपटॉपला स्पर्श होताच हाताला मुंग्या येतात, किंवा दोन उपकरणांच्या शून्य टोकांत अनपेक्षित दाब दिसतो. चार्जरमधील गाळणीतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीकडे जाण्याची वाट शोधत असतो आणि ती त्याला बोर्डातून सापडू शकते. म्हणून प्रयोगशाळेच्या उन्हाळी कामांच्या यादीत अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालणे हेही एक काम असले पाहिजे.

७. समारोप

येथवरच्या विवेचनावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, बोर्डाचा दाब ही ऐतिहासिक तडजोड आहे. ती बदलत आलेली आहे व पुढेही बदलेल. दुसरी, संरक्षणाचा जो भाग बोर्डावर आला त्याचा सर्वाधिक लाभ अनिश्चित विजेच्या प्रदेशांना झाला. कारण तेथे जुन्या किटचे परावलंबन सर्वाधिक होते. तिसरी, जो भाग हाताकडे उरला तो शिकवावा लागतो, आणि तो न शिकवल्यास बोर्ड पुन्हा कपाटात जातो.

ही तिसरी गोष्ट आज निकडीची आहे. २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेत निवडलेल्या शाळेला उभारणीसाठी १० लाख व पाच वर्षांच्या देखभालीसाठी १० लाख अशी २० लाख रुपयांपर्यंतची मदत ठेवली गेली. त्यामुळे जे बोर्ड पूर्वी पदवीच्या वर्गातही दुर्मिळ होते ते शाळकरी मुलांपर्यंत येऊ लागले. बोर्ड विकत मिळतो. तो जळल्यावर काय करावयाचे याची रीत विकत मिळत नाही. जळालेल्या बोर्डाचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारून कपाटाला कुलूप घातले की १९८० च्या दशकातील किटची स्थिती परत येते. फरक एवढाच की, तेव्हा कुलपामागे अंतराचे व खर्चाचे गणित होते. आज ते गणित उरलेले नाही.

यावर एक साधा उपाय इतिहासाच्या अभ्यासकालाही उपयुक्त ठरेल असा आहे. प्रत्येक प्रयोगशाळेने निकामी बोर्डांची नोंदवही ठेवावी. तारीख, बोर्डाचे नाव, पुरवठा कोठून दिला होता, काय जोडले होते, भिंतीवरील दाब किती होता आणि कोणता भाग गेला, एवढेच तिच्यात मराठीत लिहावे. विद्यार्थ्याचे नाव लिहू नये. दोन-तीन वर्षांत अशा वहीतून त्या प्रयोगशाळेच्या विजेचे व सवयींचे चित्र उभे राहील, आणि पुढच्या तुकडीला सूचनांच्या पानाऐवजी प्रत्यक्ष घडलेली उदाहरणे मिळतील. जुन्या किटच्या काळातील अशी नोंद हाताशी असती तर प्रस्तुत निबंधातील रोहित्राचे गणित अनुमानाने मांडावे लागले नसते. विष्णुपुरीतील किंवा लातूरमधील एखाद्या प्रयोगशाळेच्या पानावरूनच ते वाचता आले असते.